लाँच चालविणाऱ्याची नजर आणि आपल्या मुलाबाळांचा जीव

पारोळ्याच्या माणसाचा समुद्राशी तसा काही संबंध नाही. आपल्याकडे बोरी नदी, तामसवाडीचे धरण, आणि उत्तरेला अमळनेर-चोपड्याच्या मधून वाहणारी तापी. तेव्हा समुद्रातल्या बोटी, लाँच, त्यांच्या टकरी या गोष्टी वर्तमानपत्रात वाचल्या की आपण पान उलटतो. 'आमना गावमा कोठे समिंदर शे?' असे म्हणून मोकळे होतो.

पण वाचक हो, जरा आठवून पहा. दरवर्षी ६ डिसेंबरला आपल्या तालुक्यातून, जळगाव-धुळे जिल्ह्यांतून, किती माणसे चैत्यभूमीला जातात! कोणी जळगावहून, कोणी चाळीसगावहून रेल्वेत बसतात. बरोबर म्हातारी आई असते, कडेवर मूल असते, भाकरीचे गाठोडे असते. अभिवादन झाले की दुसऱ्या दिवशी 'आता आलोच आहोत तर मुलांना मुंबई दाखवू' म्हणून पुष्कळ कुटुंबे राणीची बाग पाहतात आणि गेटवे ऑफ इंडियाला जातात. तिथे लाँच उभी असते. घारापुरीची लेणी पाहायला तासाभराचा समुद्रप्रवास. मुले हट्ट करतात. घारापुरीच्या टेकडीवर प्राचीन स्तूपाचे अवशेष आहेत हेही कोणीतरी सांगते. मग तिकीट काढून आपण लाँचमध्ये पाय ठेवतो. पोहता कोणालाच येत नाही. लाँच चालवणारा कोण, त्याचे लक्ष कुठे आहे, लाँचमध्ये किती माणसे बसवली आहेत, हे आपण विचारत नाही.

म्हणून हा विषय आपला आहे. तो नीट समजून घेतला पाहिजे.

'नीलकमल'ची दुर्घटना

१८ डिसेंबर २०२४. बुधवारची दुपार. 'नीलकमल' नावाची प्रवासी लाँच गेटवेहून घारापुरीकडे निघाली होती. समुद्र शांत होता, ऊन होते, धुके नव्हते. लाँचमध्ये सहलीला आलेली कुटुंबे होती. चारच्या सुमारास भारतीय नौदलाची एक वेगवान छोटी नौका त्याच भागात फिरत होती. तिला नवे इंजिन बसवले होते व त्याची चाचणी चालू होती. ही नौका पाण्यावर गोल-गोल वळणे घेत वेगाने येताना लाँचमधील प्रवाशांना दिसत होती. एका प्रवाशाने तिचे मोबाईलवर चित्रणही केले. ती आता वळेल, मग वळेल असे वाटत असतानाच ती सरळ येऊन 'नीलकमल'च्या अंगावर आदळली.

लाँचला भगदाड पडले, पाणी आत शिरले आणि ती एका बाजूला कलंडली. पंधरा माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत लहान मुले होती, आणि नौदलाच्या नौकेवरचेही काही जण होते. नौदलाने सांगितले की इंजिनात बिघाड होऊन नौकेवरचा ताबा सुटला. कुलाबा पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला आणि नौदलानेही चौकशी सुरू केली. मृतांच्या वारसांना राज्य सरकारने पाच लाख आणि पंतप्रधान मदतनिधीतून दोन लाख रुपये जाहीर झाले.

दोष कोणाचा किती, हे ठरविण्याचे काम न्यायालयाचे. पण दोन गोष्टी त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राला कळल्या. पहिली ही की 'नीलकमल'ला ८४ प्रवासी आणि ६ कर्मचारी एवढीच परवानगी होती. प्रत्यक्षात लाँचमध्ये शंभराहून अधिक माणसे होती. महाराष्ट्र सागरी मंडळाने पुढे तिचा परवाना रद्द केला. दुसरी ही की बहुतेक प्रवाशांच्या अंगावर लाईफ जॅकेट नव्हते. वाचलेल्या अनेकांनी सांगितले की निघताना ती कोणी घालायला लावली नाहीत. टक्कर झाल्यावर जॅकेट शोधण्याची धावपळ सुरू झाली.

तिसरी गोष्ट चांगली आहे, तीही सांगितली पाहिजे. जवळपास शंभर माणसांचे प्राण वाचले, कारण आसपासच्या बोटींवरची माणसे डोळे उघडे ठेवून होती. जवाहरलाल नेहरू बंदराची पायलट बोट, सुरक्षा दलांच्या गस्ती नौका, सागरी पोलीस आणि इतर लाँचवरचे खलाशी धावत आले. नौदलाच्या व तटरक्षक दलाच्या बोटी व हेलिकॉप्टरही आली. त्या खलाशांनी पाण्यातून माणसे ओढून काढली, लहान मुलांच्या छातीवर दाब देऊन श्वास चालू केला. टक्कर झाल्यावर माणुसकीने जे केले, ते टक्कर होण्याआधी सावधपणाने झाले असते तर पंधरा घरांत अंधार झाला नसता.

लाँचला ब्रेक नसतो

आपल्यापैकी पुष्कळ जण ट्रॅक्टर, रिक्षा, काळी-पिवळी जीप किंवा एसटी चालवतात. त्यांना गाडीचे गणित ठाऊक आहे. पाण्याचे गणित मात्र वेगळे आहे.

गाडीला ब्रेक असतो. रस्त्याला टायर धरतो आणि गाडी थांबते. पाण्यावर टायर नाही आणि ब्रेकही नाही. इंजिन बंद केले तरी लाँच पुढे सरकतच राहते. उलटा पंखा फिरवून तिला थांबवावे लागते आणि त्यालाही वेळ लागतो. वळतानाही तसेच. सुकाणू फिरवले की लाँच लगेच वळत नाही, आधी घसरल्यासारखी पुढे जाते व मग तोंड फिरवते. म्हणून समुद्रावर 'ऐन वेळी पाहू' चालत नाही. जे करायचे ते आधीच करावे लागते.

समजा, एक लाँच ताशी १५ किलोमीटरने चालली आहे. समोरून एक स्पीडबोट ताशी ५५ किलोमीटरने येते आहे. दोघींचा मिळून वेग ताशी ७० किलोमीटर झाला. दोघींमधले अंतर अर्धा किलोमीटर असेल तर ते संपायला फक्त पंचवीस-सव्वीस सेकंद लागतात. एवढ्या वेळात माणूस तंबाखू मळतो, मोबाईलवरचा एक निरोप वाचतो किंवा शेजारच्याशी दोन वाक्ये बोलतो. मान वर करतो तोवर समोर बोट उभी असते.

रस्त्यावर निदान पट्टे असतात, सिग्नल असतो, दुभाजक असतो. पाण्यावर यातले काही दिसत नाही. चारी दिशांनी कोणीही येऊ शकते. मुंबईच्या बंदरात तर मोठमोठी मालवाहू जहाजे, कोळी बांधवांच्या मासेमारी बोटी, मांडव्याच्या लाँच, नौदलाच्या नौका, सारे एकाच पाण्यात फिरतात.

नियम काय सांगतो

पाण्यावरच्या टकरी टाळण्यासाठी साऱ्या जगाने मिळून १९७२ साली नियम केले. ते १९७७ पासून अमलात आले आणि भारतानेही ते स्वीकारले आहेत. त्यातील पाचवा नियम सगळ्यात महत्त्वाचा. प्रत्येक नावेने सदासर्वकाळ डोळ्यांनी आणि कानांनी नीट पहारा ठेवला पाहिजे, असे तो सांगतो. नाव लहान असो की मोठी, सरकारी असो की खासगी, कोणालाही त्यातून सूट नाही.

सहावा नियम वेगाचा. समोर काय आहे ते पाहून वेळेत थांबता किंवा वळता येईल एवढाच वेग ठेवावा. गर्दीच्या पाण्यात, अंधारात, पावसात वेग कमी.

दोन नावा समोरासमोर आल्या तर दोघींनी आपापल्या उजव्या हाताला वळायचे. एक नाव दुसरीचा मार्ग आडवा कापत असेल, तर जिला दुसरी नाव आपल्या उजव्या हाताला दिसते तिने बाजू द्यायची. मागून येऊन पुढे जाणाऱ्याने पुढच्याला सांभाळायचे. रात्री नावेच्या डाव्या बाजूला लाल आणि उजव्या बाजूला हिरवा दिवा असतो, म्हणजे समोरच्याला कळते की ही नाव कोणत्या अंगाने येते आहे.

एक साधी खूण जुने तांडेल जाणतात, ती आपणही लक्षात ठेवावी. दूरची नाव आपल्या लाँचच्या एखाद्या खांबाच्या रेषेत धरून पहा. थोड्या वेळाने ती खांबाच्या पुढे किंवा मागे सरकली, तर ती आपल्याला चुकवून जाणार. पण ती त्याच खांबाशी तशीच राहिली आणि आकाराने मोठी मोठी होत गेली, तर ती आपल्यावर येते आहे असे समजावे. हे पाहायला शाळा शिकावी लागत नाही. फक्त पाहावे लागते.

लक्ष गेले कुठे?

जगात झालेल्या टकरींच्या चौकशांत हाच शब्द पुन्हा पुन्हा येतो: पहारा नव्हता.

१ ऑक्टोबर २०१२ ची गोष्ट. हाँगकाँगमध्ये एका वीज कंपनीने आपल्या कामगारांना व त्यांच्या कुटुंबांना राष्ट्रीय दिनाची आतषबाजी दाखवायला बोटीने नेले. आपल्याकडे गिरणीची किंवा कारखान्याची सहल निघते, तशीच ती कामगारांची सहल. रात्री साडेआठच्या सुमारास त्या बोटीला एका प्रवासी फेरीबोटीने धडक दिली. आभाळ स्वच्छ होते, दोन्ही बोटींवर दिवे होते. तरी दोन्ही चालकांनी एकमेकांना वेळेत पाहिले नाही. कामगारांची बोट दोन-तीन मिनिटांत पाण्याखाली गेली. ३९ माणसे गेली, त्यांत ८ मुले. चौकशीत निघाले की बोटीत पाणी अडवणारा एक दरवाजा बसवलेलाच नव्हता, आणि मुलांच्या मापाची लाईफ जॅकेट नव्हती. २०१५ साली न्यायालयाने दोन्ही चालकांना दोषी ठरवले. फेरीबोटीच्या चालकाला आठ वर्षांची आणि दुसऱ्याला नऊ महिन्यांची शिक्षा झाली.

दुसरी घटना अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातली, ७ जुलै २०१० ची. नदीत पर्यटकांची एक बोट इंजिन बिघडल्याने थांबून होती. एक टगबोट मोठी गाळवाहू बार्ज ढकलत आली आणि ती बार्ज पर्यटकांच्या बोटीवर चढली. हंगेरीहून आलेले दोन तरुण विद्यार्थी मेले. टगबोटीवरचा माणूस त्या वेळी मोबाईलवर बोलत होता. त्याच्या लहान मुलाच्या दवाखान्यातल्या शस्त्रक्रियेत काही गुंतागुंत झाली होती आणि तो घरच्यांशी बोलत होता. बापाचे काळीज, त्याचा जीव खाली-वर होणारच. पण त्याने सुकाणू दुसऱ्याच्या हाती द्यायला हवे होते. ते त्याने दिले नाही. त्याला एक वर्ष एक दिवसाची कैद झाली.

ही गोष्ट आपल्या चालक बंधूंनी मनाला लावून घ्यावी. निष्काळजी माणूस म्हणजे दारुडा किंवा उनाडच असतो असे नाही. चांगला, घरादाराचा विचार करणारा माणूसही एका फोनपायी दुसऱ्याच्या घरावर संकट आणतो. घरी आजारपण असेल, मन ठिकाणावर नसेल, रात्रभर झोप नसेल, तर त्या दिवशी सुकाणू काय, ट्रॅक्टरचे चाकही हातात घेऊ नये. आणि मालकाने तसे सांगणाऱ्या कामगाराची रोजी कापू नये.

तांडेलही कामगारच

आता एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. टक्कर झाली की साऱ्यांची बोटे तांडेलाकडे आणि खलाशाकडे जातात. पण तोही पोटासाठी राबणारा माणूस आहे. हंगामात एका दिवसात किती फेऱ्या मारायच्या, लाँचमध्ये किती माणसे घ्यायची, खलाशी किती ठेवायचे, हे तो ठरवत नाही. एक खलाशी कमी ठेवला की मालकाचे पैसे वाचतात. पण तोच खलाशी पुढे उभा राहून पहारा देणार असतो. तिकीट फाडायला, दोर बांधायला आणि पहारा ठेवायला एकच माणूस असेल, तर पहारा हेच काम सर्वात आधी सुटते.

१९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ साली नवा अंतर्देशीय जहाज कायदा आला. नावेची नोंदणी, तिची तपासणी, चालविणाऱ्याचे प्रमाणपत्र, विमा या गोष्टी त्यात सांगितल्या आहेत. महाराष्ट्रात सागरी मंडळ १९९६ पासून आहे. म्हणजे कायदा आहे, खाते आहे. धक्क्यावर उभे राहून माणसे मोजणारा अधिकारी आणि 'एवढीच माणसे घेईन' असे म्हणणारा मालक मात्र हवा. तो नसेल तर कायदा कपाटातच राहतो.

आपल्या जवळच्या पाण्यातही

कोणी म्हणेल, आम्ही मुंबईला जात नाही, आम्हाला काय? पण हा धोका समुद्रापुरता नाही.

आपल्या शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या नर्मदाकाठी सरदार सरोवराचे पाणी डोंगरदऱ्यांत शिरले आहे. तिथल्या आदिवासी बांधवांना बाजाराला, दवाखान्याला, नातलगांकडे जायला होडी हाच रस्ता. १५ जानेवारी २०१९ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, भुषा गावाजवळ खच्चून भरलेली होडी उलटली आणि किमान पाच जण बुडून मेले. २१ मे २०२४ रोजी उजनी धरणात कुगावहून कळाशीकडे जाणारी होडी वाऱ्यात सापडली. सहा जण बुडाले, एकच पोहून काठाला लागला. त्याच वर्षी १८ जानेवारीला गुजरातेत वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेची सहल गेली होती. होडीत मर्यादेपेक्षा जास्त मुले बसवली, बहुतेकांच्या अंगावर जॅकेट नव्हते. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या.

या टकरी नव्हत्या. पण मूळ तेच. नाव चालविणाऱ्याने वाऱ्याकडे, वजनाकडे, माणसांच्या संख्येकडे लक्ष दिले नाही, आणि बसणाऱ्यांनी विचारले नाही.

याच मुंबईच्या पाण्यात १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' ही बोट लाटेने कलंडली व सहाशेहून अधिक माणसे बुडाली. स्वातंत्र्याला एक महिनाही उरला नव्हता. रेवसकडच्या कोळी बांधवांनी आपल्या मचव्यांतून अनेकांना वाचवले. याउलट १४ मार्च २०२० ला मांडव्याजवळ 'अजंठा' बोटीत पाणी शिरले, तेव्हा पोलिसांची गस्ती बोट जवळच होती, तिच्यावरच्या माणसांचे लक्ष होते, आणि सर्वच्या सर्व ८८ प्रवासी वाचले. लक्ष असले म्हणजे काय होते याचा हा दाखला.

पोहणे आपल्याला का येत नाही?

आपल्या जुन्या पिढीतील फार थोड्या लोकांना पोहता येते. स्त्रियांना तर जवळजवळ नाहीच. याला कारण आहे. ज्या समाजाला गावच्या विहिरीवर, पाणवठ्यावर पाय ठेवू दिला जात नव्हता, त्याला पोहायला शिकविणार कोण? २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. पाण्यावर आपला हक्क आहे, हे त्या दिवशी जगाला सांगितले गेले. आता त्या पाण्यात आपल्या मुलामुलींनी निर्भयपणे तरंगायला शिकणे हाही त्या हक्काचाच भाग मानावा. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, कमरेला दोर किंवा डबा बांधून, उथळ पाण्यात शिकवावे. मुलाला शिकवतो तसेच मुलीलाही शिकवावे. बुडताना पाणी मुलगा-मुलगी पाहत नाही.

लाँचमध्ये बसण्यापूर्वी

आमच्या वाचक भगिनींनी व बांधवांनी पुढील गोष्टी घरात सर्वांना वाचून दाखवाव्यात.

१. लाँचवर किती प्रवाशांची परवानगी आहे हे लिहिलेले असते. ते वाचा. माणसे जास्त दिसली तर बसू नका. पुढच्या लाँचने जाण्यात अर्धा तास जातो, बाकी काही जात नाही.

२. लाईफ जॅकेट मागा आणि धक्क्यावरच घाला. 'नीलकमल'नंतर गेटवेच्या लाँचवर ते सक्तीचे करण्यात आले आहे. ते उशाला किंवा बाकाखाली ठेवून उपयोग नाही. पट्टे आवळून बांधा. मुलाला मोठ्याचे जॅकेट घातले तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जाते, म्हणून लहान मापाचे मागा. ते नसेल तर मुलाला घेऊन बसू नका.

३. बायांनी साडीचा पदर खोचून घ्यावा आणि जॅकेट पदराच्या वरून घालावे. अंगावर शाल, लांब ओढणी गुंडाळून बसू नये. पाण्यात कापड पायांत अडकते.

४. हिवाळ्यात समुद्रपक्ष्यांना खाऊ टाकायला सारी माणसे एका बाजूला धावतात. लाँच त्या बाजूला झुकते. आपण धावू नये, मुलांना धावू देऊ नये. वरच्या मजल्यावर गर्दी करू नये. वजन वर गेले की लाँच लवकर कलंडते.

५. एसटीत पाटी असते, चालकाशी बोलू नये. तीच पाटी लाँचमध्ये आहे असे समजा. तांडेलाशी गप्पा मारू नका, त्याच्यासोबत फोटो काढू नका, त्याच्यासमोर उभे राहून त्याची नजर अडवू नका.

६. तांडेल मोबाईलवर बोलत असेल, दारू प्यायलेला वाटला, किंवा सुकाणू एखाद्या पोराच्या हाती देऊन बसला असेल, तर आदराने पण ठामपणे सांगा, 'दादा, आधी समोर बघा.' एकट्याने बोलायला संकोच वाटला तर चार जणांनी मिळून बोला.

७. समोरून एखादी बोट सारखी आपल्याकडेच येताना दिसली तर गप्प बसू नका. मोठ्याने सांगा, हात दाखवा. 'त्याला दिसत असेलच' असे समजू नका.

८. टक्कर झालीच तर दाराशी झुंबड करू नका. मुलाला छातीशी धरा. लाँच तरंगत असेल तोवर तिला सोडू नका. लहान मुलाला घाबरून पाण्यात टाकू नका. पाण्यात पडलात तर हातपाय झाडून दमू नका, जॅकेट तुम्हाला धरून ठेवील. बुडणाऱ्याला पोहता न येणाऱ्याने उडी मारून वाचवायला जाऊ नये. त्याच्याकडे दोर, रिकामा कॅन, जॅकेट, जे तरंगेल ते फेकावे.

९. तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक १५५४ आहे आणि सर्वसाधारण मदतीचा ११२. हे दोन्ही मोबाईलमध्ये लिहून ठेवा.

बोलले पाहिजे

शेवटी एक गोष्ट. २० ऑगस्ट १९८९ ला लंडनच्या थेम्स नदीत 'मार्शनेस' नावाच्या छोट्या बोटीला गाळ उपसणाऱ्या मोठ्या जहाजाने धडक दिली. रात्रीची वेळ, बोटीवर वाढदिवसाची मंडळी. ५१ जण, बहुतेक तरुण, बुडाले. तिथेही पहारा नीट नव्हता. पण मेलेल्यांचे आईबाप गप्प बसले नाहीत. त्यांनी संघटना केली, वर्षानुवर्षे सरकारचे दार ठोठावले. शेवटी अकरा वर्षांनी जाहीर चौकशी झाली, आणि २००२ साली थेम्सवर बचावाच्या बोटींची चार ठाणी उभी राहिली. त्या ठाण्यांनी पुढे कितीतरी माणसांचे प्राण वाचवले. ही ठाणी त्या आईबापांनी उभी केली असेच म्हटले पाहिजे.

आपल्यालाही हे करता येईल. गावातून ६ डिसेंबरला जाणाऱ्यांचा जथा निघतो, त्याआधी विहारातल्या बैठकीत किंवा महिला मंडळात हा विषय अर्धा तास ठेवावा. जथ्याबरोबर एक जाणता माणूस नेमावा. लाँचमध्ये बसण्याआधी माणसे व जॅकेट मोजणे हे त्याचे काम. शाळेची सहल धरणावर, तलावावर, समुद्रावर जाणार असेल तर पालकांनी मुख्याध्यापकांना लेखी विचारावे: होडीत किती मुले बसवणार? जॅकेट आहेत का? आपल्या तालुक्यात धरणावर होडी चालत असेल तर ग्रामपंचायतीने व तहसीलदारांनी तिची तपासणी झाली आहे का, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

असे विचारले की काही लोक 'भित्रे' म्हणतील. म्हणू द्या. आपल्या माणसांनी फार वर्षे 'जसे चालले आहे तसे चालू द्या' म्हणून पुष्कळ सोसले. ज्याच्या हाती सुकाणू आहे त्याने समोर पाहिलेच पाहिजे, आणि ज्याचा जीव त्या सुकाणूवर आहे त्याने त्याला तसे सांगितलेच पाहिजे. पुढच्या वेळी लाँचमध्ये पाय ठेवाल तेव्हा आधी मुलाच्या जॅकेटचा पट्टा आवळा, आणि मग तांडेलाची नजर कुठे आहे ते पहा.